लेक्सिंग्टनच्या आधीचा मंगळवार

मंगळवार, 6 सप्टेंबर 1774. तुम्ही वूस्टर गावच्या मोठ्या रस्त्यावर उभे आहात. मॅसॅच्युसेट्स ही इंग्लंडच्या राजाची वसाहत, बॉस्टन हे तिचं मुख्य शहर, आणि वूस्टर बॉस्टनच्या पश्चिमेला सुमारे 70 किलोमीटरवर. गाव पोराबाळांसकट दोन हजारांच्या आतलं, पण आज पाय ठेवायला जागा नाही. आसपासच्या गावांची पथकं सकाळपासून येतायत. शेतकरी, सुतार, चांभार, गिरणीवाले. जाडीभरडी कापडं, कातडी बूट, घोड्यांचा आणि घामाचा वास. बंदुका घेऊन निघालेल्यांनी त्या गावाबाहेर ठेवल्या आहेत. वेस्टबरोच्या पाद्र्याचा मुलगा ब्रेक पार्कमन प्रत्येक पथकातली माणसं मोजतोय. 37 गावांची पथकं, एकूण माणसं 4,622. परगण्यातल्या जवळजवळ निम्म्या प्रौढ पुरुषांनी आज घरचं काम टाकून वूस्टर गाठलं आहे.

शाळेत शिकलेल्या अमेरिकन क्रांतीत हा रस्ता तुम्हाला भेटला नव्हता. तिथे डिसेंबर 1773 मध्ये बॉस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या बुडतात, आणि मग एकदम 19 एप्रिल 1775 च्या पहाटे लेक्सिंग्टनच्या हिरवळीवर गोळी सुटते. मधले सोळा महिने कोरे. त्या कोऱ्या जागेत मी तुम्हाला मुद्दाम आणलं आहे. राजाचं राज्य गेलं ते इथे, असं माझं म्हणणं आहे. लेक्सिंग्टनला इंग्रज फौज गेली ती हातचं गेलेलं परत मिळवायला.

समोर दिसतंय ते कोर्ट. लोकांनी त्याचा ताबा घेतला आहे आणि दार आतून बंद आहे. दिवाणी न्यायालयाचं सत्र आज सुरू व्हायचं होतं. शेतकऱ्याच्या लेखी या कोर्टाचा अर्थ सरळ आहे: कर्जाचे दावे इथे चालतात. हुकूमनामा निघाला की गुरं जातात आणि शेवटी जमीन जाते. आजवर निदान एवढा दिलासा होता की निवाडा करायला बसणारे ज्युरी गावांनी निवडलेले असत. 1691 च्या सनदेनुसार गव्हर्नरच्या सल्लागार मंडळातही लोकप्रतिनिधींनी निवडलेली माणसं बसत. चहा बुडवल्याची शिक्षा म्हणून इंग्लंडच्या संसदेने मे 1774 मध्ये कायदा केला आणि ती सनद मोडीत काढली. आता सल्लागार राजा नेमणार. खालच्या कोर्टाचे न्यायाधीश आणि शेरीफ गव्हर्नरच्या मर्जीवर राहणार. ज्युरी शेरीफ निवडणार. आणि गावसभा वर्षातून एकदाच, त्यापलीकडे गव्हर्नरच्या लेखी परवानगीशिवाय भरवायची नाही.

आपल्याकडची पुस्तकं इथे घाई करतात. चहावरचा कर, प्रतिनिधित्व नाही तर कर नाही, एवढं सांगून पुढे जातात. पण वूस्टरच्या या गर्दीतल्या कुणालाही विचारा, चहाचं नाव तो फारसं काढणार नाही. चहाच्याच शिक्षेपायी बॉस्टनचं बंदरही बंद झालं, पण ते बॉस्टनच्या व्यापाऱ्यांचं दुखणं होतं. सनद मोडणारा कायदा मात्र प्रत्येक खेड्याच्या उंबऱ्यापर्यंत आला. गावसभेत हात वर करून आपला कारभारी निवडणारा माणूस उद्यापासून फक्त रयत राहणार होता. त्या रागात बड्या पुढाऱ्यांची वाट पाहायला कुणी थांबलं नाही. 16 ऑगस्टला पश्चिमेकडच्या ग्रेट बॅरिंग्टनमध्ये दीड हजार माणसांनी कोर्टाची वाट अडवली आणि न्यायाधीशांना बसू दिलं नाही. 30 ऑगस्टला स्प्रिंगफील्डमध्ये तेच झालं. आज पाळी वूस्टरची.

तेरा दिवस मागे चला. 24 ऑगस्ट, वूस्टरची गावसभा. भिंतीला टेकून उभे राहा, कारण बाकं भरलेली आहेत. समोर गावचा चिटणीस क्लार्क चँडलर बसला आहे. चँडलर हे इथलं सगळ्यात वजनदार घराणं. न्यायाधीश त्यांचे, शेरीफ त्यांचा. जूनमध्ये 52 राजनिष्ठांनी एक निषेधपत्र लिहिलं होतं, आंदोलन करणाऱ्यांना त्यात बंडखोर ठरवलं होतं, आणि या चिटणिसाने ते गावसभेला न विचारता गावच्या दप्तरात उतरवून घेतलं होतं. आज सभा त्याला सांगते, ते पान खोड. आत्ता, आमच्या डोळ्यांदेखत. तो पीस शाईत बुडवतो आणि ओळींवरून वेटोळी फिरवू लागतो. लोक वाकून बघतात. अक्षर अजून वाचता येतंय. मग त्याची बोटं शाईत बुडवून पानावरून फिरवली जातात. चँडलर घराण्याचा माणूस, मनगटापर्यंत काळा हात, आणि भोवती त्याच्याकडे टक लावून बघणारे कुळवाडी. ते पान वूस्टरच्या दप्तरात आजही आहे. वेटोळी दिसतात आणि त्यांच्यावरचे बोटांचे फराटेही दिसतात.

एखाद्या क्रांतीचं पहिलं कृत्य कुठलं, असं मला कुणी विचारलं तर मी बंदुकीच्या आधी त्या फराट्यांकडे बोट दाखवीन. दप्तर कुणाचं, हा प्रश्न त्या दिवशी निकालात निघाला.

त्यानंतर तीनच दिवसांनी सुमारे दोन हजार लोक टिमथी पेनच्या दारात उभे राहिले. पेन हार्वर्डमध्ये शिकलेला, श्रीमंत, राजाने नव्या सल्लागार मंडळावर नेमलेला. त्याने घरात बसून राजीनामा लिहून दिला. तेवढ्याने भागलं नाही. गावच्या पटांगणात या, टोपी काढा आणि सगळ्यांसमोर तो वाचला जाऊ द्या, असा लोकांचा आग्रह पडला. पेनला यावं लागलं.

इकडे बॉस्टनमध्ये बसलेला गव्हर्नर, जनरल थॉमस गेज, लंडनला लॉर्ड डार्टमथला लिहीत होता की वूस्टरचे लोक उघड शस्त्रं जमवतायत आणि कोर्टाच्या रक्षणासाठी तिकडे फौज धाडावी लागेल. ती फौज आज तुम्हाला कुठेच दिसत नाही. कारण पाच दिवसांपूर्वी, 1 सप्टेंबरच्या पहाटे, गेजने सुमारे 260 शिपाई मिस्टिक नदीतून वर पाठवले आणि क्वारी हिलच्या कोठारातली बंदुकीची दारू उचलून आणली. काम बिनबोभाट झालं. पण दुपारपर्यंत अफवा सुटली की सहा माणसं मारली गेली आणि बॉस्टनवर तोफा चालू आहेत. हजारो माणसं रात्रीच्या रात्री बॉस्टनच्या रोखाने चालू लागली. दुसऱ्या दिवशी केंब्रिजमध्ये चार हजारांच्या जमावाने डेप्युटी गव्हर्नर थॉमस ऑलिव्हरकडून राजीनामा लिहून घेतला. अफवा खोटी होती. पण गेजने जे पाहिलं ते खरं होतं: एका खोट्या बातमीवर हा सबंध मुलूख उठू शकतो. वूस्टरला फौज पाठवायचा बेत त्याने गुंडाळला.

आता पुन्हा मंगळवारच्या त्या रस्त्यावर या. न्यायाधीश, वकील, शेरीफ सगळे डॅनिअल हेवूडच्या टॅव्हर्नमध्ये अडकून बसले आहेत. पुढे यायची सोय नाही आणि मागे फिरायचीही नाही. परगण्याच्या समित्यांची बैठक टिमथी बिगेलोच्या घरी भरली आहे. बिगेलो लोहार. वय 35. गावातली बरीच खलबतं त्याच्याच ओळखीपाळखीच्या माणसांत शिजलेली. तुम्हाला वाटेल, हा पुढारी आता बाहेर येईल, चौथऱ्यावर चढेल, भाषण करील आणि लोक जयजयकार करतील. तसं काही होत नाही. समितीने न्यायाधीशांकडून काय लिहून घ्यायचं याचा मसुदा करायचा, पण तो पसंत करायचा लोकांनी. म्हणून प्रत्येक पथकाने आपल्यातला एकेक माणूस निवडला आहे. ते प्रतिनिधी टॅव्हर्नमध्ये जातात, कागद घेऊन येतात, आणि आपापल्या पथकाला वाचून दाखवतात. पथकं तो नाकारतात. फार मिळमिळीत आहे म्हणतात. कागद परत जातो.

यात तासन्तास जातात. तुमचे पाय दुखायला लागतात. आसपासची माणसं कुरकुरतात, कुणी शिदोरी सोडतं. तुमच्या डोळ्यांसमोर चाललेलं हे कंटाळवाणं येणंजाणंच मला या दिवसातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. साडेचार हजार माणसं चिडलेली आहेत, शिकार टॅव्हर्नमध्ये बसली आहे, अडवायला एक शिपाई नाही, आणि ही माणसं मसुद्यातल्या शब्दांवर मतं घेत बसली आहेत. गावसभा बंद करणाऱ्या कायद्याला त्यांनी उघड्या रस्त्यावर गावसभा भरवून उत्तर दिलं.

दुपार कलल्यावर मजकूर ठरतो. पथकं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओळी धरतात. कोर्टाच्या दारात अक्सब्रिजचं पथक, त्याला लागून वेस्टबरोचं, असं करत करत टॅव्हर्नच्या तोंडाशी अप्टन आणि टेम्पलटनची पथकं. मध्ये सुमारे 400 मीटरची मोकळी वाट. टॅव्हर्नचं दार उघडतं.

पुढे न्यायाधीश, मागे इतर अधिकारी, शेरीफ, वकील. वीस-पंचवीस जण असतील. टोप्या हातात. वाट अशी आखलेली की प्रत्येक पथकासमोर थांबावं लागेल. पहिल्या पथकासमोर ते थांबतात आणि मजकूर म्हणतात: संसदेच्या त्या कायद्याखाली आम्ही कोर्ट चालवणार नाही. चार पावलं पुढे, दुसरं पथक, पुन्हा तेच. मागच्या रांगेतल्याला ऐकू गेलं नाही तर आणखी मोठ्याने. तुम्ही मध्यावर कुठेतरी उभे आहात. ते तुमच्यापर्यंत येतात तेव्हा आवाज बसलेला आहे, शब्द पाठ झाले आहेत, नजर जमिनीवर आहे. ज्याच्या तोंडून आजवर तुम्ही फक्त निकाल ऐकलात, तो आज तुमच्यासमोर टोपी काढून उभा आहे. तुम्ही काही बोलत नाही. कुणीच बोलत नाही. कोर्टापर्यंत पोहोचेतो त्यांनी तो मजकूर तीसहून अधिक वेळा म्हटलेला असतो.

गोळी सुटली नाही. रक्त सांडलं नाही. आणि वूस्टर परगण्यातला इंग्रजांचा अंमल त्या संध्याकाळी जो संपला तो पुन्हा कधीही आला नाही.

हे पाहून तुम्हाला निव्वळ आनंद व्हावा अशी माझी अपेक्षा नाही. एका माणसासमोर दोन हजारांचा जमाव उभा राहतो तेव्हा राजीनाम्याखालची सही खुशीची नसते. राजनिष्ठांपैकी पुष्कळांनी घरंदारं सोडून बॉस्टनचा आसरा घेतला. रटलंडचा जॉन मरे, हार्डविकचा टिमथी रगल्स, असे या परगण्याचे बडे लोक पळाले. त्यांचं भय खरं होतं. रांगेत स्त्रिया नाहीत, हेही तुम्हाला दिसतंय. आणि स्वातंत्र्याच्या या परगण्यात गुलामगिरी होती. बॅरे गावचा क्वॉक वॉकर त्या साली गुलामच होता. 1781 मध्ये वूस्टरच्याच कोर्टात ज्युरींनी त्याला स्वतंत्र माणूस ठरवलं, आणि त्याच्या खटल्यांमुळे मॅसॅच्युसेट्समधल्या गुलामगिरीचा पाया उखडला. लोकांनी परत मिळवलेल्या कोर्टाचा तो उपयोग त्या मंगळवारी रांगेतल्या कुणाच्या डोक्यात असेल असं वाटत नाही. पण तो झाला.

थोडे पुढे सरका. 4 ऑक्टोबर 1774. वूस्टरची गावसभा आपला प्रतिनिधी म्हणून लोहार बिगेलोला प्रांतिक काँग्रेसवर, म्हणजे गेजला न जुमानता भरणाऱ्या मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधिसभेवर, पाठवते आणि त्याच्या हाती सूचनांचा कागद देते. सार असं: जुनी राज्यव्यवस्था आता मोडली असं समज, आम्ही सनदेच्या बंधनातून मोकळे झालो असं समज, आणि सगळे अधिकारी लोकांच्या मतावर अवलंबून असतील असं नवं सरकार उभं करायला झट. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची तारीख 4 जुलै 1776. म्हणजे बरोबर एकवीस महिने आधी एका खेड्याच्या सभेने हे कागदावर घातलं, आणि तेही फिलाडेल्फियातल्या विद्वानांचा सल्ला न घेता. फिलाडेल्फियात तेव्हा वसाहतींच्या संयुक्त काँग्रेसचं पहिलं अधिवेशन चालू होतं, आणि मॅसॅच्युसेट्सने बचावापुरतंच हात उचलावेत, आपण होऊन भांडण काढू नये, असा तिथल्या बहुतेकांचा कल होता. जॉन अ‍ॅडम्सही तिथेच होता. तरुणपणी तो वूस्टरमध्ये शाळामास्तर होता; आपल्या जुन्या गावाने आपल्यापुढे मजल मारली हे त्याच्या ध्यानात आलं असणार. म्हातारपणी, 1815 साली, त्याने जेफर्सनला लिहिलं की युद्ध हा क्रांतीचा भागच नव्हे, तो तिचा परिणाम. क्रांती लोकांच्या मनात झाली ती लेक्सिंग्टनला रक्ताचा थेंब सांडण्याआधी. मला त्याच्यापुढे एक पाऊल जावंसं वाटतं. ती मनात तर झालीच, पण रस्त्यावर, कोर्टाच्या दारात आणि गावच्या दप्तरातही झाली.

त्या हिवाळ्यात मॅसॅच्युसेट्सवर दोन सरकारं होती. गेजचा हुकूम बॉस्टनच्या वेशीपर्यंत. बाहेर प्रांतिक काँग्रेस कर गोळा करत होती, तोफा आणि दारू विकत घेत होती. वूस्टर परगण्यातल्या समित्यांच्या बैठकीने तर 21 सप्टेंबरलाच परगण्याच्या पथकांची सात रेजिमेंटांत नवी बांधणी करायला सांगितलं होतं; जुन्या कप्तानांनी राजीनामे द्यायचे, नवे निवडून घ्यायचे, आणि एक तृतीयांश माणसं क्षणाच्या सूचनेवर निघायला तयार ठेवायची.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. बॉस्टनच्या पाण्यात पडला तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा. लंडनच्या वखारींत तुंबलेला माल अमेरिकेत खपवून कंपनीला सावरावं म्हणून 1773 चा चहाचा कायदा झाला होता. त्याच कंपनीच्या मुंबईकर इंग्रजांनी 1774 च्या डिसेंबरअखेर मराठ्यांकडून ठाण्याचा किल्ला घेतला, आणि पुढच्या मार्चमध्ये राघोबादादांशी सुरतेचा तह करून पेशवाईच्या घरात पाय घातला. वूस्टरची पथकं कवायत करत होती तेव्हा साष्टीवर निशाण बदलत होतं.

तोच डिसेंबर, तारीख 14, न्यू हॅम्पशरमधलं पोर्टस्मथ बंदर. तुम्ही फोर्ट विल्यम अँड मेरी या किल्ल्याच्या तटाखाली आहात. आदल्या दिवशी पॉल रिव्हिअर घोड्यावरून बॉस्टनहून बातमी घेऊन आला की फौज इकडे निघाली आहे. (याच माणसाची एप्रिलमधली घोडदौड सगळं जग जाणतं; ही डिसेंबरची फारशी कुणी ऐकलेली नाही.) सुमारे चारशे माणसं चाल करून येतात. आत कॅप्टन जॉन कॉक्रन आणि पाच शिपाई. कॉक्रन तोफा डागतो, बंदुका झाडतो. नशिबाने कुणी मरत नाही. लोक तट चढून आत शिरतात, त्याला कैद करतात, राजाचं निशाण उतरवतात आणि दारूची सुमारे शंभर पिंपं घेऊन जातात.

राजाच्या किल्ल्यावर हल्ला, राजाच्या तोफांचा मारा, राजाचं निशाण खाली. युद्धाची पहिली गोळी शोधायची असेल तर ती लेक्सिंग्टनच्या चार महिने आधी इथे सुटली. मग पाठ्यपुस्तकं इथून का सुरू होत नाहीत? कारण इथे हल्लेखोर वसाहतीतले लोक होते. ज्यांना पुढे देश घडवायचा होता त्यांना ती सुरुवात गैरसोयीची होती.

फेब्रुवारी 1775. गेजने वेष बदलून दोन अधिकारी पाठवले आहेत, कॅप्टन ब्राउन आणि एन्साइन द बर्निएर. बर्फातून वाट तुडवत ते वूस्टरचा रस्ता आखायला निघाले आहेत. वॉटरटाउनच्या टॅव्हर्नमध्ये वाढणाऱ्या एका काळ्या स्त्रीने त्यांना तिथल्या तिथे ओळखलं आणि पुढे गेलात तर धडगत नाही, असं त्यांच्या नोकराला बजावलं. ते तरीही वूस्टरपर्यंत गेले आणि जीव मुठीत धरून परत आले. गेजच्या डोळ्यांत सलत होतं ते वूस्टर. पण तिथवर फौज नेली तर परत येणार नाही, हे त्याला कळून चुकलं. कॉन्कर्ड हे गाव बॉस्टनपासून तीसेक किलोमीटरवर होतं, तिथेही तोफा आणि दारूचा साठा होता. म्हणून कॉन्कर्ड ठरलं आणि वाटेत लेक्सिंग्टन लागलं.

19 एप्रिल 1775, पहाट. चला, तिथेही उभे राहा. ते टाळून चालणार नाही. हिरवळीवर कॅप्टन जॉन पार्करची 77 च्या आसपास माणसं. समोरून सातशेंच्या तुकडीचं आघाडीचं दळ. कुणीतरी ओरडतं, पांगा. गोळी सुटते. कुणाची? तुमच्या पुढ्यात घडलं आणि तुम्हाला सांगता येत नाही, तसं तिथल्या कुणालाच खात्रीने सांगता आलं नाही. धूर निवळतो तेव्हा आठ माणसं मरून पडली आहेत, दहा जखमी. त्यांच्या बायका धावत येतायत. या आठ मरणांचं मोल मी कमी करत नाही. पण पहिली गोळी कुणाची हा प्रश्न अडीचशे वर्षं घोळवत ठेवला की त्याआधी सात महिने या मुलखात राजाचं कोर्ट उघडलं नव्हतं, ही गोष्ट नजरेआड जाते.

आणि ती आपोआप गेली नाही. लढाईनंतर आठवड्याच्या आत प्रांतिक काँग्रेसने जवळजवळ शंभर साक्षीदारांच्या शपथपूर्वक जबान्या घेतल्या. सगळ्यांचा सूर एक: गोळी इंग्रजांनी आधी झाडली. सेलमचा जॉन डर्बी क्वेरो नावाच्या चपळ जहाजातून त्या जबान्या घेऊन निघाला आणि गेजचा अहवाल पोहोचण्याच्या कित्येक दिवस आधी लंडनला टेकला. राजकारण म्हणून हे चोख होतं. इतर वसाहतींची साथ हवी तर आपण मार खाल्लेले दिसलं पाहिजे, हे त्यांना कळत होतं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण युद्ध जिंकण्यासाठी मांडलेली बाजू युद्ध संपल्यावर इतिहास म्हणून तशीच चालू राहिली, ही आपली चूक आहे.

वूस्टरला परत या. 3 मे 1775. छापखान्याच्या शाईचा वास येतोय, या गावाला पहिल्यांदाच. मुद्रक आयझाया थॉमस याने लढाईच्या तोंडावर आपलं यंत्र बॉस्टनमधून गुपचूप इथे हलवलं. आज त्याच्या 'मॅसॅच्युसेट्स स्पाय' या पत्राचा वूस्टरमधला पहिला अंक निघतोय. ओला कागद हातात घ्या. वूस्टरमध्ये छापली गेलेली ही पहिली हकीकत, आणि ती आहे लेक्सिंग्टनची. गेल्या सप्टेंबरात इथे छापखाना नव्हता. 4,622 माणसांचा दिवस एका तरुणाच्या मोजणीत, एका पाद्र्याच्या रोजनिशीत आणि वर्तमानपत्रांतल्या पत्रांत राहिला. पुढे 1861 च्या जानेवारीत लाँगफेलोची पॉल रिव्हिअरवरची कविता छापून आली आणि एक घोडेस्वार सगळ्या पथकांपेक्षा मोठा झाला. रे राफेल या इतिहासकाराने 2002 साली याच 1774 वर स्वतंत्र पुस्तक लिहिलं, तेव्हा अमेरिकन वाचकांनाही तो दिवस नव्याने भेटला.

विसर पडण्याचं आणखी एक कारण मला दिसतं, आणि ते पाहायला तुम्हाला शेवटचं एकदा त्याच रस्त्यावर यावं लागेल. 5 सप्टेंबर 1786. पुन्हा मंगळवार, पुन्हा दिवाणी न्यायालयाचं सत्र, पुन्हा दारात पथकं. देश आता स्वतंत्र आहे. लढून परतलेल्या शेतकऱ्यांच्या डोक्यावर कर्ज आणि कर आहेत, पगाराच्या नावाने हातात मातीमोल कागद आहेत, आणि कोर्टात जप्तीचे दावे लागले आहेत. म्हणून त्यांनी बारा वर्षांपूर्वी शिकलेलं तेच केलं. कोर्टाच्या पायऱ्यांवर न्यायाधीश आर्टेमस वॉर्ड उभा आहे. 1775 मध्ये बॉस्टनला वेढा घालणाऱ्या सैन्याचा हाच सेनापती होता. त्याच्या छातीवर संगिनी रोखल्या आहेत. तो दटावतो, समजावतो, आणि अखेर त्याला मागे फिरावं लागतं. या खेपेला याचं नाव बंड ठरलं. शेजचं बंड. पुढच्या हिवाळ्यात फौज धाडून ते मोडण्यात आलं.

तेच ठिकाण, तीच कृती, बरीचशी तीच माणसं. पहिल्या दिवसाला क्रांतीची सुरुवात म्हटलं तर दुसऱ्याला काय म्हणायचं, याचं उत्तर नव्या सरकारपाशी नव्हतं. लेक्सिंग्टनची गोष्ट असला प्रश्न विचारत नाही. तिथे परकी फौज आली, घरच्यांनी अंगावर घेतलं, इतकंच.

टिमथी बिगेलो युद्धभर लढला, कर्नल झाला, आणि घरी आला तेव्हा धंदा बसला होता. ज्या गावात त्याने कर्जाचं कोर्ट बंद पाडलं त्याच गावच्या तुरुंगात, कर्जापायी, तो 1790 साली मेला. वूस्टरच्या पटांगणात त्याचं स्मारक आहे, त्याच्या वंशजाने उभारलेलं. लेक्सिंग्टनची बातमी आली त्या दिवशी तो गावची पथकं घेऊन निघाला होता, हे खरंच आहे. त्यामुळे 1861 साली स्मारकाच्या अनावरणाला दिवस निवडला तो 19 एप्रिलचा.